एकरी भाव बोलण्याआधी: नागपूरभोवतीची शेतजमीन चढ-उतार पाहून कशी जोखायची

नागपूरकडून कुणी जमीन पाहायला आला की गाडीतून उतरता उतरता विचारतो, "इकडं एकरी काय चालू आहे?" चहाच्या टपरीवर त्याला एक आकडा मिळतो. तो त्या आकड्याला एकरांनी गुणतो, थोडी घासाघीस करतो आणि इसार देऊन मोकळा होतो. जमीन मात्र त्यानं धुऱ्यावर (बांधावर) उभं राहून पाहिलेली असते, तीही मार्च-एप्रिलमध्ये, तूर-हरभरा निघून रान मोकळं झाल्यावर. त्या दिवसांत सगळ्याच जमिनी सपाट, कोरड्या आणि चांगल्या दिसतात.

गावाला एकच एकरी भाव नसतो. एकाच मौज्यात, धुऱ्याला धुरा लागून असलेल्या दोन शेतांत भावाची दुपटीची तफावत असू शकते आणि ती रास्तही असू शकते. पाणी कुठून येतं, कुठं थांबतं, मुरूम किती खोलीवर लागतो आणि पाण्याच्या दिवसात गाडी आत जाते का, यावर ती तफावत ठरते. खालचे टप्पे क्रमानं करा. बहुतेकांचा क्रमच चुकतो: आधी भाव, मग इसार, मग कागद आणि सर्वांत शेवटी जमीन.

## टप्पा १: कशासाठी घेताय ते आधी ठरवा

शहर जवळ आलं की जमिनीची प्रत उलटी होते. शेतकऱ्याच्या लेखी सर्वांत वरची ती खोल काळी. बरड म्हणजे ढोरं चारायची जागा. घर, गोदाम किंवा शेड बांधणाऱ्याला नेमकं उलटं हवं असतं. हात-दोन हातांवर कडक मुरूम लागणारी बरड त्याला सोन्यासारखी. खोल काळी माती पाण्यानं फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावर उथळ पाया घातला की भिंती तडकतात. ती सगळी माती काढून खालच्या थरापर्यंत जायचं म्हणजे पायाचा खर्च वाढलाच.

गल्लत होते ती इथं. विकणारा सांगतो, "काळी आहे भाऊ, पऱ्हाटी डोक्याइतकी होते" (पऱ्हाटी म्हणजे कपाशी), आणि भाव मात्र लेआउटवाल्याचा मागतो. घेणाऱ्याला वाटतं, दोन्ही गुण मिळाले. खरं म्हणजे तो शेतीच्या गुणासाठी बांधकामाचा भाव देत असतो.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर एकच ओळ लिहा: शेती, बांधकाम, की काही वर्षं नुसती ठेवून विकायची. "तिन्ही" असं लिहू नका. पुढची प्रत्येक तपासणी याच ओळीवर टिकून आहे.

तपासा: शेतजमीन घ्यायला घेणारा स्वतः शेतकरी असावा लागतो. विदर्भात यासाठी १९५८ चा विदर्भ प्रदेशाचा कुळवहिवाट कायदा लागू आहे आणि त्याचं कलम ८९ बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकण्यावर बंदी घालतं. पुण्याकडचे लोक सांगतात ते कलम ६३ वेगळ्या कायद्यातलं. स्वतःचा शेतकरी असल्याचा पुरावा हाताशी नसेल तर पुढं जाऊच नका.

## टप्पा २: सातबारा वाचा, पण जमिनीच्या अंगानं

मालकी, वारस, बोजा हे वकील बघेल. तुम्ही सातबारा वेगळ्या नजरेनं वाचायचा, कारण जमिनीचा उंच-सखलपणा त्यात लपलेला असतो.

पोटखराबा. एकूण क्षेत्रात लागवडीलायक क्षेत्र आणि पोटखराबा असे दोन भाग असतात. खडक, नाला, खड्डे यांमुळं पिकाखाली न येणारा भाग वर्ग 'अ'. सार्वजनिक रस्ता, पाणवठा, स्मशान अशा कामांसाठी असलेला वर्ग 'ब'. विकणारा भाव सांगतो तो एकूण क्षेत्रावर. 'ब' मधली जमीन तुमच्या नावावर असून तुमची नसते, हे लक्षात ठेवा.

आकार. सातबाऱ्यावरची आकारणी म्हणजे जुन्या जमाबंदीत ठरलेली जमिनीची प्रत. हेक्टरी आकारणी शेजारच्या गटांपेक्षा फारच कमी दिसली तर जमीन हलकी, खडकाळ किंवा उताराची असण्याची शक्यता मोठी. रेडी रेकनरमध्ये (मुद्रांक शुल्कासाठीच्या सरकारी दरपत्रकात) ग्रामीण शेतजमिनीचे दरही आकारणीच्या गटांप्रमाणेच लावलेले असतात, म्हणून हा छोटा आकडा दुर्लक्षू नका.

भोगवटादार वर्ग आणि इतर हक्क. वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय विक्री नाही. इतर हक्कांत हे शब्द शोधा: भूदान (विदर्भात अशा जमिनी बऱ्याच आहेत), पुनर्वसनासाठी राखीव (सिंचन प्रकल्पांच्या लाभक्षेत्रात हा शेरा सापडतो), भूसंपादन आणि आदिवासी खातेदाराचा उल्लेख. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला द्यायची तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ खाली परवानगी लागते. उमरेड, सावनेर, कामठीच्या कोळसा पट्ट्यात १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याखालची अधिसूचना निघाली आहे का, हेही वेगळं विचारून घ्या.

झुडपी जंगल. ही भानगड खास आपल्याकडची. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत बरड, खुरट्या झाडोऱ्याच्या जमिनी या नावानं नोंदल्या गेल्या. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं या जमिनी वनजमीन मानायच्या असं स्पष्ट केलं. अडचण अशी की बांधकामासाठी सर्वांत आवडणारी टेकाडाची बरड आणि झुडपी जंगल यांची दिसण्यात गल्लत होते. गट झुडपी जंगलाला लागून असेल तर शीव कुठं आहे हे मोजणीशिवाय मानू नका.

खबरदार: "नोंद जुनी आहे, पटवाऱ्याकडून काढून टाकू" असं कुणी म्हटलं तर हसून चहा प्या आणि घरी जा.

डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या पोर्टलवर १५ रुपयांत मिळतो. मध्यस्थानं दाखवलेली झेरॉक्स पाहून काम भागवणारे लोक नंतर लाखांची गोष्ट करतात.

## टप्पा ३: घरी बसून नकाशा

महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर गटाचा आकार काढा. मग गूगल अर्थवर तीच जागा शोधा आणि मागच्या वर्षांची चित्रं एकेक करून पाहा, विशेषतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली. पाणी साचणारी जागा पावसाळ्यानंतरच्या चित्रात गडद दिसते, पीक तिथं विरळ असतं. नाला कुठल्या वर्षी कुठून वाहायचा आणि कुणी तो बुजवून पऱ्हाटी लावली, हेही दिसतं. बुजवलेला नाला पाण्याला आठवतो.

गूगल अर्थवर उंचीचे आकडे दिसतात. ते आसपासचा एकूण ढाळ समजून घ्यायला पुरे आहेत. दोन-चार एकरांच्या शेताचा उतार त्यावरून काढू नका, फरक मीटरांचा पडतो.

नागपूरची जमीन वाचताना पूर्व आणि पश्चिम वेगळी धरा. शहर दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पूर्व कडेला बसलं आहे. हिंगणा, काटोल, कळमेश्वर, कोंढाळीकडं बेसाल्ट: माथ्यावर बरड आणि मुरूम, दरीत खोल काळी. पूर्वेला कामठी, मौदा, कुहीकडं कन्हान-वैनगंगेची सपाट खोरी आणि धानाच्या बांध्या. धानाच्या पट्ट्यात गावकरी जमिनीला कन्हार, मोरांड, सिहार, बरडी अशी नावं देतात. शहरी कानाला ते आडनावासारखं वाटतं, पण त्या एका शब्दात मातीची खोली आणि पाणी धरण्याची ताकद दोन्ही असतात. विचारा आणि लिहून घ्या. कुही तालुक्यात गोसेखुर्द धरणाच्या बुडीत क्षेत्राची रेषाही बघायला हवी.

नकाशावर चार गोष्टी ओढा.

१. नदी-नाले. जलसंपदा विभागाची पूररेषा आखलेली असेल तर ती मिळवा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाचा विचार सोडा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या पक्क्या वस्त्यांत पाणी शिरलं, ते शहरात. गावाकडच्या नाल्याला तर भिंतसुद्धा नसते.

२. उच्चदाबाच्या वाहिन्या. कोराडी, खापरखेडा, मौदा इथल्या वीजकेंद्रांमुळं नागपूरभोवती मनोऱ्यांचं जाळं आहे. २२० केव्हीच्या वाहिनीखाली साधारण ३५ मीटर आणि ४०० केव्हीखाली ४६ मीटर रुंदीचा पट्टा मोकळा सोडावा लागतो. खाली सोयाबीन पेरा, घर नाही.

३. विकास आराखडा. गाव एनएमआरडीएच्या (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) हद्दीत असेल तर झोन दाखला आणि भाग नकाशा अर्ज करून काढा. मध्यस्थाच्या मोबाईलमधला रंगीत नकाशा हा दाखला नव्हे. "येलो (रहिवासी झोन) होणार आहे" याचा अर्थ आज तो हिरवा, म्हणजे शेतीचा आहे.

४. गावठाण. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत जमीन असेल तर अकृषिक करण्याची वाट सोपी असते. पण मौज्याच्या नावापुढं 'रिठी' असेल तर ते वस्ती उठलेलं गाव. तिथं हा फायदा गृहीत धरू नका, तहसीलमध्ये लेखी विचारा.

## टप्पा ४: जमीन चाला

याला अर्धा दिवस द्या. शक्यतो दोनदा जा: एकदा मे महिन्यात, एकदा जुलै-ऑगस्टच्या झडीनंतर. विकणाऱ्याला घाई असेल तर निदान पावसाळ्यात एकदा.

सोबत: गटाचा नकाशा, ५० मीटरचा टेप, पारदर्शक लेव्हल पाईप (गवंड्याकडं असतो), दोन सरळ काठ्या, सब्बल, पाण्याचा कॅन, वही. एक माणूस मदतीला. मध्यस्थ नको.

चार कोपरे आणि धुरे. आधी सगळ्या धुऱ्यांवरून फेरी मारा. नकाशातला आकार आणि पायाखालचा आकार जुळतो का? नाल्याच्या बाजूचा धुरा खचला असेल तर तिथली जमीन दरवर्षी वाहून जाते आणि सातबारा मात्र तेवढाच राहतो.

उतार. लेव्हल पाईपात पाणी भरा, दोन्ही टोकं दोन काठ्यांना धरा, २० मीटर अंतरावर उभे राहा. पाण्याची पातळी दोन्हीकडं एकच. काठ्यांच्या बुडापासून तिथपर्यंतच्या उंचीतला फरक म्हणजे चढ. २० मीटरला २० सेंटिमीटर म्हणजे १ टक्का. शेताच्या लांबीनं आणि रुंदीनं अशा ओळी घ्या आणि वहीत आकडे मांडा.

१ टक्क्यापर्यंत शेतीला उत्तम. पण काळ्या जमिनीत अगदीच ढाळ नसेल तर पाणी तुंबून चिबड होते. १ ते ३ टक्के शेतीलाही चालतं, बांधकामालाही बरं, पाणी आपोआप निघतं. ३ टक्क्यांच्या वर माती वाहते, बांधबंदिस्तीचा खर्च धरा. ५ च्या वर गेलात तर प्लॉटसाठी टप्पे पाडावे लागतील.

"जेसीबी लावून एका दिवसात सपाट करू" हे वाक्य तुम्ही ऐकालच. हिशोब असा: एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. सरासरी अर्धा मीटर भर घालायची तर सुमारे २,००० घनमीटर, म्हणजे ७०० ब्रासच्या (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट) वर मुरूम. त्याची वाहतूक, वर गौण खनिजाची परवानगी आणि स्वामित्वधन. परवानगीशिवाय खोदलं तर दंड मुरमापेक्षा महाग पडतो. स्थानिक ब्रासचा भाव विचारून आकडा वहीत लिहा, तो पुढं लागेल.

माती. सब्बलीनं निदान तीन जागी खड्डे घ्या: उंच टोक, मध्य, सखल टोक. त्याआधी एक सोपी युक्ती. शेजारची न बांधलेली विहीर किंवा नाल्याची दरड शोधा आणि कडेचे थर पाहा: काळी किती, पांढरट चुनखडी कुठं सुरू होते, मुरूम कुठं, पाषाण कुठं. बोअरवाल्याला हजारो रुपये देऊन कळतं ते इथं फुकट दिसतं. संत्रा लावायचा असेल तर चुनखडीच्या थरापाशी थांबा आणि माती तपासून घ्या. अशा जमिनीत बाग काही वर्षं छान दिसते आणि मग पिवळी पडते.

झाडं-झुडपंही सांगतात. बेशरम आणि लव्हाळा दाटलेली जागा म्हणजे पाणी धरून बसणारं लवण, म्हणजे सखल भाग. रान नुकतंच नांगरून ही झुडपं काढली असतील तर धुऱ्यावर मुळं सापडतात.

पाणी. विहीर असेल तर मे महिन्यात पाहा. विचारायचं ते "पाणी आहे का?" असं नाही. विचारा, "मे महिन्यात मोटर किती तास चालते आणि पुन्हा भरायला किती वेळ लागतो?" काळ्या पाषाणात पाणी फक्त झिजलेल्या आणि फुटलेल्या थरांतून फिरतं, त्यामुळं शेजाऱ्याच्या बोअरला पाणी लागलं म्हणून तुमच्याही लागेल असं नसतं. काटोल-नरखेडच्या संत्रा पट्ट्यात बोअर किती खोल गेले आहेत ते कुठल्याही बागायतदाराला विचारा. वीजजोडणी कुणाच्या नावावर आहे आणि ती तुमच्या नावावर होईल का, हेही तिथंच लिहून घ्या.

रस्ता. नकाशावर पांदण (शेतात जायची वाट) दाखवलेली असते, प्रत्यक्षात तिच्यात कुणाची तरी तूर उभी असते. ती पूर्ण चाला, डांबरीपासून शेतापर्यंत. काळ्या मातीतली पांदण पावसाळ्यात बैलबंडीलाही दाद देत नाही. रस्ता दुसऱ्याच्या शेतातून जात असेल तर तो तोंडी आहे की नोंदलेला? तहसीलदाराकडं कलम १४३ खाली धुऱ्यावरून रस्ता मागता येतो, पण तो मिळेपर्यंत दोन हंगाम जातात आणि शेजाऱ्याशी कायमचं वाकडं येतं.

खबरदार: "समृद्धी टच". नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून सुरू होणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग प्रवेश-नियंत्रित आहे. त्याच्या कुंपणाला लागलेल्या शेतातून महामार्गावर चढता येत नाही. भाव वाढतो तो इंटरचेंजजवळ; कुंपणाला टेकून असण्याचा फायदा फक्त गाड्यांचा आवाज. उलट भरावामुळं एका बाजूचं पाणी अडतं आणि मोरीतून नेमकं एखाद्याच शेतात सोडलं जातं. भरावाच्या कडेनं चालत जाऊन मोऱ्या मोजा आणि त्यांची तोंडं कुणाच्या शेताकडं आहेत ते पाहा.

या टप्प्यावर मी स्वतः फसलो आहे. उमरेड रोडच्या आतल्या बाजूला तीन एकर पाहिलं होतं, एप्रिलमध्ये. सुंदर सपाट. मध्यस्थानं शेताच्या वरच्या टोकाला गाडी लावली, तिथंच आंब्याखाली बसवलं, तिथूनच दाखवलं. इसार दिला. जुलैत गेलो तेव्हा खालचा एकर-सव्वा एकर तळं झालेलं आणि बाजूच्या शेतातली म्हातारी सहज म्हणाली, "इथं तं दरसाल असंच राह्यते बाबू, तुमाले कोनं सांगतलं नाई का?" कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी कुणाला विचारलंच नव्हतं. तेव्हापासून माझा नियम असा आहे: विकणाऱ्याच्या आधी धुऱ्यापलीकडच्या माणसाशी बोला. तोही पूर्ण खरं सांगेल असं नाही, स्वतःला ती जमीन हवी असते. पण पाण्याबद्दल तो खोटं बोलत नाही.

## टप्पा ५: वजाबाकी

आता वही उघडा. भाव कमी करून मागायचा असतो, असं सगळ्यांना वाटतं. आधी क्षेत्र कमी करायचं असतं.

समजा जमीन ५ एकर, म्हणजे २०० गुंठे. मागणी एकरी ३० लाख, एकूण दीड कोटी. (आकडा मानलेला आहे, तुमच्या गावचा घाला.)

नाल्यामुळं पोटखराबा १२ गुंठे. २२० केव्हीची वाहिनी शेतातून १०० मीटर जाते: १०० गुणिले ३५ म्हणजे ३,५०० चौरस मीटर, जवळपास ३५ गुंठे. पावसाळ्यात तुंबणारं लवण ३० गुंठे.

बांधकामासाठी घेत असाल तर २०० मधून १२, ३५ आणि ३० गेले. उरले १२३ गुंठे, तीन एकरांहून थोडं जास्त. दीड कोटीला त्यानं भागा: कामाच्या जमिनीचा भाव एकरी जवळपास ४९ लाख पडला. तीस नव्हे.

शेतीसाठी घेत असाल तर वाहिनीखाली पीक येतं, ते वजा करायचं नाही. लवणात खरीप बुडतो पण रब्बी हरभरा बरा येतो, म्हणून त्यातलं अर्धं वजा. २०० मधून १२ आणि १५ गेले, उरले १७३ गुंठे. भाव एकरी सुमारे ३४ लाख ७० हजार. पण मग तुम्ही शेतीच्या उत्पन्नावर हा भाव देताय का, हा प्रश्न स्वतःला विचारा. कारण हा पैसा पऱ्हाटी आणि तुरीतून निघत नाही.

यानंतर खर्च मिळवा: भर, बांधबंदिस्ती, पांदणीचं खडीकरण, विहीर किंवा बोअर, पायासाठी जास्तीची खोदाई. तो सगळा कामाच्या क्षेत्रावर वाटा. जो आकडा येईल तोच तुलनेला न्यायचा.

तपासा: मोजमापांची गल्लत. १ एकर म्हणजे ४० गुंठे, ४३,५६० चौरस फूट. १ हेक्टर म्हणजे १०० आर, सुमारे २.४७ एकर. सातबारा हेक्टर-आरमध्ये, बोलणी एकरात, लेआउटवाला चौरस फुटांत. "दोन हेक्टर म्हणजे पाच एकर" असं पटकन म्हटलं तर सव्वादोन गुंठ्यांच्या वर फुकट गेले.

## टप्पा ६: खऱ्या व्यवहारांशी तुलना

टपरीवरचा भाव म्हणजे मागणी. नोंदणी झालेला भाव म्हणजे व्यवहार. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये वर्ष, तहसील, गाव आणि गट नंबर टाकला की सूची क्रमांक २ (नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा) दिसते. लागून असलेल्या दहा-पंधरा गटांचे नंबर एकेक करून टाका. कंटाळवाणं काम आहे, पण दोन संध्याकाळींत होतं. मिळालेल्या प्रत्येक व्यवहाराची जागा नकाशावर दाखवा आणि तीच वजाबाकी त्या शेतालाही लावा. रस्त्यावरच्या बरडीचा भाव आतल्या लवणाला लावून "बाजूला एवढ्यात गेली" असं सांगणं हा या धंद्यातला सर्वांत जुना हातखंडा.

सूचीतले आकडे जसेच्या तसे खरे मानू नका. काही व्यवहार रेडी रेकनरला चिकटून दाखवलेले असतात, काही नात्यातले असतात. दोन-तीन आकडे एकमेकांशी जुळले तर त्यांना वजन द्या. रेडी रेकनर मुद्रांक शुल्कासाठी आहे. लवण, वाहिनी, अडलेली पांदण यातलं त्याला काही कळत नाही. त्याच्यापेक्षा बाजारभाव कमी असूच शकत नाही हाही गैरसमज आहे. शुल्क मात्र दोन्हींपैकी जास्त असेल त्यावर लागेल.

घोषणांचा भाव वेगळा काढा. हिंगण्याकडं नव्या नागपूरचं नाव निघालं, रिंग रोडची रेषा सरकली, की दहा किलोमीटरवरच्या बरडीलाही पालवी फुटते. घोषणेसाठी जास्तीचे पैसे द्यायचे तर द्या, पण वहीत ती रक्कम वेगळ्या ओळीत लिहा, म्हणजे आपण जमीन घेतोय की बातमी, हे डोळ्यांसमोर राहील.

## टप्पा ७: बोलणी आणि इसार

बोलणीला बसताना वजाबाकीचा कागद सोबत ठेवा आणि तो विकणाऱ्याच्या घरी, वडीलधाऱ्यांसमोर, शांतपणे उलगडा. "तुमची जमीन खराब आहे" असं म्हणू नका; बापजाद्यांच्या जमिनीला नाव ठेवलं की व्यवहार तिथंच मोडतो. "दादा, नाला आणि लाईन सोडून भाव धरू" एवढंच म्हणा. बहुतेक शेतकऱ्यांना हे हिशोब तुमच्यापेक्षा चांगले ठाऊक असतात.

इसारपत्रात तीन अटी लेखी घाला:

- व्यवहार मोजणीत निघणाऱ्या क्षेत्रावर होईल, सातबाऱ्यावरच्या नाही.
- पोटखराबा 'ब' चा भाव धरायचा नाही.
- रस्ता नोंदलेला किंवा लेखी संमतीचा नसेल तर इसार परत.

मोजणीचा अर्ज भूमी अभिलेख कार्यालयाकडं ई-मोजणीतून जमीनधारकाच्या नावानं करावा लागतो, म्हणजे विकणाऱ्याची तयारी हवी. तयारी नसेल तर कारण विचारा. मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा, शेजाऱ्यांना बोलवा, खुणा पक्क्या रोवून घ्या.

खबरदार: मोठ्या गटातून तुकडा घेत असाल तर तुकडेबंदीचं प्रमाणभूत क्षेत्र (त्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ती मर्यादा) आणि त्यात अलीकडे झालेले बदल तुमच्या गावाला कसे लागतात, हे तहसीलमध्ये आधी पाहा. "फार्महाऊस प्लॉट, १० गुंठे, सामाईक सातबारा" या जाहिरातींत तुमचं नाव सातबाऱ्यावर येतं, तुमचा प्लॉट कुठला ते मात्र येत नाही. उंचवटा कुणाचा आणि लवण कुणाचं, यावरून पहिल्याच पावसात भांडण.

## टप्पा ८: खरेदीखत आणि त्यानंतरचे पंधरा दिवस

खरेदीखतात चतुःसीमेसोबत रस्त्याचं वर्णन, विहिरीतला हिस्सा, वीजजोडणी, धुऱ्यावरची झाडं आणि मोजणीचा नकाशा जोडल्याचा उल्लेख घाला. विहिरीतला हिस्सा हमखास राहून जातो आणि भावकीत विहीर बहुधा सामाईकच असते. नोंदणी शुल्क १ टक्का, कमाल ३० हजार रुपये. मुद्रांक शुल्क वेगळं.

नंतर फेरफाराची नोटीस निघते आणि हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते. या दिवसांत पटवाऱ्याकडं एक चक्कर मारा. नोंद प्रमाणित झाली की नवा सातबारा काढा आणि क्षेत्र, पोटखराबा, इतर हक्क हे तीन रकाने जुन्या सातबाऱ्याशी ताडून पाहा. आकडा चुकला असेल तर दुरुस्तीचा अर्ज त्याच आठवड्यात द्या.